माल आहे, पण कुठे आहे? दोन दुकानं, एक गोडाऊन आणि चार गाड्यांचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलण्याच्या ओघातले 'बरं का' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे स्टॉक. ऐकायला कोरडा वाटेल. पण तुमच्यापैकी कुणी घरच्या धंद्यात लक्ष घालायला लागलंय, कुणी आरओ नाहीतर सोलरची सर्व्हिस करतंय, कुणी दुसऱ्याच्या दुकानात टेक्निशियन आहे. तुम्हाला हे रोज नडतं. दुकान एक असतं तोवर स्टॉक मालकाच्या डोक्यात मावतो. दुसरं दुकान निघालं की डोकं कमी पडतं, आणि माल गाड्यांमधून फिरायला लागला की वहीसुद्धा कमी पडते.

आपण एसी विक्री-दुरुस्तीचा धंदा उदाहरणाला घेऊ. समजा पुण्यात एक दुकान हडपसरला, एक चिंचवडला, गोडाऊन वाघोलीला, आणि टेक्निशियनच्या चार गाड्या. एप्रिल महिना. दुपारी फोन येतो.

"दादा, गाडीत ३६ चा कपॅसिटर नाहीये."

"अरे, परवाच पाच दिले होते की तुला!"

"दोन मी लावले दादा, दोन त्या दुसऱ्या गाडीला दिले, त्याच्याकडे संपले होते."

"आणि पाचवा?"

इथे फोनवर शांतता. कम्प्युटर म्हणतो, ३६ चे ११ कपॅसिटर शिल्लक आहेत. ते खरंही असेल. पण ते ११ कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पिंपळे सौदागरला ज्यांचा एसी बंद पडलाय त्यांना एकूण बेरजेशी काही देणंघेणं नाही.

म्हणून आजच्या एपिसोडचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगतो: गाडी हेसुद्धा एक गोडाऊन आहे. माल जिथे जिथे थांबतो, त्या प्रत्येक जागेला हिशोबात स्वतःचं नाव हवं. हडपसर, चिंचवड, वाघोली, गाडी १, गाडी २, गाडी ३, गाडी ४. बहुतेक धंद्यांत काय होतं, की गाडीत टाकलेला माल 'खपला' म्हणून लिहून टाकतात. मग तो वापरला, परत आला की हरवला, हे शोधायला जागाच उरत नाही.

या सात जागांशिवाय आठवी एक लागते, तिचं नाव 'वाटेत'. सकाळी ११ ला वाघोलीहून सहा एसी निघाले, चिंचवडला ३ वाजता पोचले. मधले चार तास ते कुणाचे? वाघोलीवाला म्हणतो मी दिले, चिंचवडवाला म्हणतो मला मिळाले नाहीत. म्हणून पाठवणाऱ्याने पाठवल्याची नोंद केली की माल 'वाटेत' जातो, आणि घेणाऱ्याने मोजून 'मिळाला' म्हटल्यावरच त्याच्या नावावर चढतो. टॅली वापरणाऱ्यांसाठी सांगतो, त्यात गोडाऊनची सोय आहे आणि एका जागेचा माल दुसऱ्या जागी टाकायला स्टॉक जर्नल आहे. गाडीसुद्धा गोडाऊन म्हणूनच उघडायची. मोठं सॉफ्टवेअर नसेल तर मोबाईलवरची शेअर केलेली शीट चालते. रकाने पाचच: तारीख, वस्तू, किती, कुठून, कुठे. गाडीने गाडीला दिलेला कपॅसिटरसुद्धा यात आला पाहिजे. सगळ्यात जास्त गळती इथेच होते, कारण रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन मित्रांनी केलेली देवघेव कुणी लिहीत नाही.

आता थोडं किचकट, पण पैसे इथे अडकतात. मोजमाप. कॉपर पाईप आपण कॉइलवर विकत घेतो आणि फुटावर वापरतो. खरेदीला '१ कॉइल' आणि वापराला '१२ फूट' लिहिलं, तर सॉफ्टवेअर कितीही भारी असो, हिशोब जुळणार नाही. एकच एकक ठरवा, फूट तर फूट, आणि कॉइल आत येतानाच त्याचे फूट करून घ्या.

गॅसचं तर आणखी वेगळं. सिलिंडर दिसायला एकच दिसतो, आत किती उरलाय ते डोळ्यांना कळत नाही. तो वजनानेच मोजायचा: सिलिंडरचं आजचं वजन वजा रिकाम्या सिलिंडरचं वजन. सकाळी गाडी निघताना एकदा, रात्री एकदा, आणि प्रत्येक जॉबला किती ग्रॅम भरला ते जॉबकार्डवर. आणि आर-२२, आर-३२, आर-४१०ए या तीन वेगळ्या वस्तू आहेत. यादीत नुसतं 'गॅस' लिहिलं असेल तर ती यादी फाडून टाका. आर-३२ च्या एसीत आर-२२ चालत नाही.

स्प्लिट एसीची गंमत तर एसी लाईनवाल्यांना माहीतच असेल. एक एसी म्हणजे दोन खोकी, इनडोअर आणि आउटडोअर. घाईत इनडोअर चिंचवडला गेलं आणि आउटडोअर वाघोलीलाच राहिलं, तर कागदावर एक एसी आहे आणि विकायला एकही नाही. दोन्ही खोक्यांचे सिरीयल नंबर एका ओळीत लिहून ठेवा आणि जोडी फुटू देऊ नका.

मग कुठे किती ठेवायचं? आपला पहिला विचार असा, की प्रत्येक गाडीत सगळं भरून ठेवू, कुणी अडायला नको. इथे एक छोटं गणित आहे. अचानक मागणी वाढली तर हाताशी असावा म्हणून आपण थोडा जादा माल ठेवतो. समजा सगळा माल एकाच जागी असताना असे १० जादा पुरतात. तोच माल चार गाड्यांत वाटला आणि प्रत्येक गाडीची मागणी आपापली, एकमेकींशी संबंध नसलेली असेल, तर तेवढीच खात्री ठेवायला प्रत्येकीत साधारण ५, म्हणजे एकूण २० लागतात. चार जागा, दुप्पट जादा माल. नऊ जागा असतील तर तिप्पट. कारण सोपं आहे: एकाच जागी असताना एका गाडीची कमी मागणी दुसरीची जास्त मागणी भरून काढते, वाटल्यावर ती सोय जाते.

म्हणून कपॅसिटर, फ्लेअर नट, टेप असा स्वस्त आणि रोज लागणारा माल गाडीत. महाग आणि क्वचित लागणारे पीसीबी वाघोलीतच. गाडीत कपॅसिटर किती? रोज रात्री गाडी भरत असाल तर सर्वात धावपळीच्या दिवशी जितके लागले तितके. गोडाऊनचं गणित वेगळं. सगळ्या गाड्यांना आणि दुकानांना मिळून दिवसाला ८ लागतात, व्यापाऱ्याकडून माल यायला ५ दिवस, म्हणजे ४०. वर जादा १६ धरले तर शिल्लक ५६ वर आली की ऑर्डर जायला हवी. मार्च उजाडला की हा आकडा बदला. जानेवारीचा खप धरून एप्रिल निघत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. गोडाऊन जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवलेलं असावं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, त्याच जीएसटी नंबरवर माल हलवला तर ती विक्री धरत नाहीत, कर लागत नाही. पण डिलिव्हरी चलन लागतं, तीन प्रतींत. ई-वे बिलाची मर्यादा एरवी ५०,००० रुपये, राज्यांतर्गत वाहतुकीला महाराष्ट्रात ती १ लाख आहे. सहा एसी एका टेम्पोत टाकले की ती सहज ओलांडली जाते. उद्या बेळगावला शाखा काढलीत तर राज्य बदललं, नंबर वेगळा, आणि स्वतःच्याच शाखेला माल पाठवताना आयजीएसटी लावून बिल करावं लागतं. आणखी एक: हरवलेल्या, चोरीला गेलेल्या मालाचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणजे वस्तू गेली ती गेली, वर करही गेला.

आता ज्यासाठी खरं तर हा एपिसोड करायचा होता ते. महिनाअखेर माल कमी भरला की संशय टेक्निशियनवर येतो. कधी पगारातून पैसे कापले जातात. मजुरीच्या कायद्यानुसार नुकसानीपोटी पगार कापायचा, तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. ज्या धंद्यात ताब्यात काय दिलं हेच लिहिलेलं नाही, तिथे मालक कशावर बोट ठेवणार? आणि पोराकडे तरी 'मी दोन कपॅसिटर दुसऱ्या गाडीला दिले' याचा काय पुरावा? टेक्निशियन मित्रांनो, 'कुठून-कुठे'ची नोंद मालकाची पाळत वाटते खरी, पण महिनाअखेरीला तीच तुमच्या बाजूने बोलते.

मोजणी ३१ मार्चपर्यंत ठेवू नका. वर्षभराचा फरक एकदम निघाला तर कारण कुणालाच आठवत नाही. रोज पाच वस्तू मोजा, महाग आणि जास्त फिरणाऱ्या आधी. गाडी आठवड्यातून एकदा, टेक्निशियनला शेजारी उभं करून. फरक निघाला तर नुसता आकडा दुरुस्त करू नका, समोर कारण लिहा: फुटला, वॉरंटीत बदलला, गाडी ३ ला दिला, माहीत नाही. 'माहीत नाही' हेही कारण म्हणून चालतं. एकाच वस्तूसमोर ते चार वेळा आलं की कुठे बघायचं ते समजतं.

सुरुवात करायची असेल तर एकाच गाडीपासून करा. आज रात्री ती पूर्ण रिकामी करा, सीटखालचंसुद्धा. जे निघेल त्याची यादी करा, वर 'गाडी १' लिहा, दोघांनी सही करा. तीन आठवडे फक्त तेवढंच चालवून बघा आणि काय अडलं ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात उधारीवर बोलू.