शुद्धीवर आले, म्हणजे बरे झाले?

लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत संजय गांधी पीजीआय रुग्णालयाचे अपेक्स ट्रॉमा सेंटर आहे. डोक्याला मार लागलेले कुणाचे वडील, कुणाची आई अशा ठिकाणाहून घरी येतात, तेव्हा लखनौ असो की लातूर, वाक्य एकच असते: "शुद्धीवर आले ना, आता काळजी मिटली."

मिटत नाही. शुद्ध मोजण्याची ग्लासगो मोजपट्टी १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडली. तिच्यात ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा त्याहून कमी असले तर मार गंभीर धरतात. पण डोळे उघडे आहेत, बोलणे सुरू आहे, तरी सकाळी येऊन गेलेली मुलगी संध्याकाळी आठवत नाही, असे बरेच दिवस चालू शकते. मेंदू नव्या आठवणी साठवतच नसतो. हा काळ किती लांबतो, त्यावरून पुढच्या सुधारणेचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

आणि नेमक्या याच काळात पाहुण्यांची रीघ लागते. "ओळखा बरं, मी कोण?" ही आपली आवडती परीक्षा. नाव आठवले नाही की बाबा गोंधळतात, चिडतात. त्यापेक्षा आल्याबरोबर आपणच नाव सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, टीव्ही बंद ठेवावा. भिंतीवर मोठ्या अक्षरांतले कॅलेंडर असले तर उत्तम.

चिडण्यावरून दुसरा गैरसमज: "मुद्दाम करतात", "आता खरा स्वभाव कळला". कपाळामागचा भाग राग आवरतो, कामाला सुरुवात करून देतो. तिथे इजा झाली की शांत माणूस तडकतो किंवा दिवसभर नुसता बसून राहतो. नुसते बसून राहण्याला आपण आळस म्हणतो, पण ती इजाच असते. १८४८ साली अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या माणसाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, मित्र म्हणाले, हा आमचा गेज नव्हे. पुढे चिलीमध्ये तो घोडागाडी हाकत होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

सहा महिन्यांनी सुधारणा थांबते, हेही खरे नाही. सुरुवातीचा वेग ओसरतो. हळूहळू फरक पुढेही पडत राहतो. बदाम आणि तेलमालीश यांनी तो पडत नाही. सदऱ्याची बटणे स्वतः लावणे, चहा स्वतः करणे, तेच काम रोज करणे, यातून पडतो. चहाला वीस मिनिटे लागली तरी कप हातातून काढून घेऊ नये. शेगडीपाशी उभे मात्र राहावे.

वयस्कर माणसाच्या "किरकोळ" पडण्याचे वेगळेच. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत जाते आणि काही आठवड्यांनी डोकेदुखी, झोपाळूपणा, अडखळती चाल दिसू लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. "वयच झालंय" म्हणून घरी थांबू नये, आणि डॉक्टरांना मागच्या महिन्यातले ते पडणे आठवणीने सांगावे.

राहिली गोष्ट स्कूटर चालवण्याची. डोक्याला मार लागल्यानंतर झटके येऊ शकतात, लक्ष चुकते. त्यामुळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्ली घरच्यांकडे. बाबा ती रोज मागतील.