प्रतिकृतीला झिलई कशी चढते?

विज्ञान प्रदर्शनात मांडलेल्या मोटारींच्या, आगगाड्यांच्या, विमानांच्या लहान प्रतिकृती तुम्ही पाहता. माप अचूक असते, चाके फिरतात, दिवेही लागतात; तरी दोन हात अंतरावरूनच कळते की हे खेळणे आहे. पुष्कळदा हे गुपित फोडतो तो रंग. रंग चांगल्या डब्यातला असतो, नीट दिलेला असतो, आणि तरीही खऱ्या गाडीची तकाकी त्याला येत नाही. असे का व्हावे?

उदाहरणादाखल मुंबईची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी घेऊ. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. म्हणजे आता तिची प्रतिकृती करण्यास विशेष कारणही आहे. ही गाडी सुमारे ३.९ मीटर लांब. १:२४ या प्रमाणात प्रतिकृती सव्वासोळा सेंटिमीटर भरते. दारे, चाके, आरसे सारे चोविसाव्या हिश्श्यावर आले. पण रंगाच्या डब्याला तुमचे प्रमाण ठाऊक नसते! हवेतला ५० मायक्रॉनचा धुळीचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ओल्या रंगावर बसला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो १.२ मिलिमीटरचा खडा होतो. रंगावर दोन मिलिमीटर लांबीच्या लाटा राहिल्या, तर खऱ्या टॅक्सीच्या दारावर त्या जवळजवळ पाच सेंटिमीटरच्या होतील. म्हणून प्रतिकृतीचा रंग नुसता देऊन भागत नाही. तो घासावा लागतो आणि मग त्याला झिलई द्यावी लागते.

या लाटा मुळात येतात कोठून? रंग ओला असताना त्याचा पृष्ठताण उंचसखलपणा मोडू पाहतो आणि रंगाची श्यानता, म्हणजे दाटपणा, त्याच्या आड येते. गणित केले तर एक मजेदार गोष्ट आढळते. लाटेची लांबी दुप्पट असेल तर ती सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो, कारण वेळ लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा पाहता पाहता नाहीशा होतात आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या लाटा रंग सुकेपर्यंत तशाच राहतात. संत्र्याच्या सालीसारखा दिसतो तो हाच पृष्ठभाग. थर दुप्पट जाड दिला तर हा वेळ आठव्या हिश्श्यावर येतो खरा. पण जाड थराला उभ्या बाजूवर ओघळ येतात.

आता चकाकी म्हणजे काय ते पाहू. आरशासारख्या पृष्ठभागावर पडलेले किरण एकाच दिशेने परततात, खडबडीत पृष्ठभागावरचे चोहोकडे विखुरतात. पण ‘खडबडीत’ कोणाच्या दृष्टीने? अर्थात प्रकाशाच्या. लॉर्ड रॅले यांच्या निकषानुसार, उंचवट्याची उंची ही तरंगलांबीला आपाती कोनाच्या कोज्येच्या आठपटीने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असेल, तर पृष्ठभाग गुळगुळीत समजावा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. समोरून पाहताना कोन शून्य, कोज्या १; म्हणून उंचवटा ०.०७ मायक्रॉनहून कमी हवा. गाडी चोवीसपट लहान झाली तरी प्रकाशाची तरंगलांबी होती तेवढीच राहिली. तुमच्या इवल्या टॅक्सीला खऱ्या टॅक्सीइतकेच गुळगुळीत व्हावे लागते, त्यात सवलत नाही.

या सूत्राचा पडताळा घरी घेता येतो. एक गुळगुळीत पोस्टकार्ड डोळ्याच्या अगदी पातळीत आडवे धरा आणि त्यावरून खिडकीकडे पाहा. वरून पांढरेफटक दिसणाऱ्या कार्डात खिडकीचे अंधुक प्रतिबिंब दिसू लागेल. कोन ८९ अंश झाला की कोज्या ०.०१७ इतकी लहान होते आणि चार मायक्रॉनचे उंचवटेही प्रकाशाला सपाट वाटतात. यातून कारागिराने घ्यायचा धडा असा, की झिलईची परीक्षा तिरप्या नजरेने घेऊ नये. तिरपे पाहिले तर अर्धवट काम झालेले पत्रेही चमकतात.

घासण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो काळा वॉटर पेपर घ्या. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. युरोपीय ‘पी’ मानकानुसार ४०० नंबरवरचे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे, १००० वरचे १८ आणि २००० वरचे १० मायक्रॉनचे. प्रत्येक कण रंगात एक चरा पाडतो. चऱ्याची खोली कणाच्या आकाराहून पुष्कळच कमी असते, तरी ०.०७ मायक्रॉनच्या मानाने ती दरीच होय. आधी १००० ने लाटांचे माथे कापायचे, मग १५०० ने १००० चे चरे कापायचे, मग २००० ने १५०० चे. दर वेळी मोठे चरे जाऊन लहान येतात. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या झिलईबद्दल हेच म्हटले होते: चरे नाहीसे होत नाहीत, ते दिसू नयेत इतके बारीक होतात.

पाणी मात्र सोडू नका. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाका. कापलेला रंग पाण्याबरोबर वाहून जातो. नाहीतर त्याच्या गुठळ्या कागदात अडकतात आणि त्याच नवे खोल चरे पाडतात. शिवाय धूळ नाकात जात नाही आणि रंग तापून मऊ पडत नाही. नंबर बदलताना गाडी आणि हात धुऊन घ्यावेत. १००० नंबरचा एकच कण २००० च्या कागदाखाली राहिला तर तासाभराचे काम वाया जाते.

एका युक्तीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती प्रकाशशास्त्राची आहे. स्वयंपाकघरातले बरेच वापरलेले स्टीलचे ताट एका दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची वर्तुळे दिसतील. ताट सरकवा, वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतील! म्हणजे चरे काही वर्तुळात पडलेले नाहीत, ते सर्व दिशांना आहेत. पण चरा प्रकाश विखुरतो तो मुख्यतः स्वतःच्या लांबीच्या काटकोनात. त्यामुळे हजारो चऱ्यांपैकी जे नेमक्या दिशेने वळलेले आहेत तेवढेच आपल्याला दिसतात, बाकीचे लपून राहतात. यासाठी प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला. १००० ने गाडीच्या लांबीला समांतर घासले असेल तर १५०० ने आडवे घासा. मग दिव्याखाली गाडी फिरवून पाहा: लांबीकडचा एकही चरा दिसत नाही, अशी खात्री झाल्यावरच पुढचा कागद हातात घ्यावा. घाई इथेच होते, आणि ती शेवटी झिलईच्या वेळी उघडी पडते.

दुसरा धोका रंग संपण्याचा. फवाऱ्याने दिलेला एक हात सुकल्यावर २०-२५ मायक्रॉन धरला, तर चार हातांचे जास्तीत जास्त १०० मायक्रॉन होतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळे घासणे, सगळी झिलई एका केसाच्या जाडीत उरकायची आहे! सपाट छतावर हे जमते. दाराच्या कडेवर आणि बॉनेटच्या उंच रेघेवर मात्र तोच हात तेवढ्याच बलाने फिरतो, क्षेत्रफळ मात्र फार थोडे असते. दाब वाढतो आणि खालचे प्लॅस्टिक क्षणात डोकावते. कडांवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवावी, आणि तेथे शेवटी फक्त बारीक कागद हलक्या बोटाने फिरवावा.

रंग पुरता वाळल्याशिवाय यातले काहीही करू नये. लॅकर द्रावक उडून गेल्याने वाळतो. एनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कठीण होतो, त्याला आठवडेही लागतात. नाकाजवळ धरून वास आला तर तो थर अजून आक्रसतो आहे असे समजा. आज सपाट केलेला पृष्ठभाग पुढच्या आठवड्यात पुन्हा उंचसखल होईल.

२००० नंतर मऊ फडक्यावर पॉलिशचे मलम घ्या. त्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असते. कागदावर कण घट्ट बसवलेले असतात, फडक्यात ते दबतात आणि लोळतात. म्हणून चरे फारच उथळ पडतात. टूथपेस्टही चालते, तिच्यातही सौम्य घासणारी पूड असतेच. यंत्राच्या चाकावर मात्र धरू नका, घर्षणाच्या उष्णतेने लॅकर मऊ होऊन ओढला जातो. धातूसारखा चमचमणारा रंग असेल तर तो थेट घासू नये, आतले ॲल्युमिनियमचे पापुद्रे कापले जातात. वर पारदर्शक लॅकरचे हात देऊन ते घासावेत. आणि लढाऊ विमानांना कृपा करून झिलई देऊ नका. त्यातील बहुतेकांचा रंग मुद्दाम चकाकी नसलेला ठेवतात.

काम झाले की नाही हे ठरवताना पाणी आपल्याला फसवते. रंगाचा अपवर्तनांक सुमारे १.५. हवेतून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ टक्के प्रकाश त्यावरून परततो. चऱ्यात पाणी भरले की (पाण्याचा अपवर्तनांक १.३३) चऱ्याच्या भिंतीवरून जेमतेम ०.३६ टक्के परततो, त्यामुळे ओली गाडी आरशासारखी दिसते आणि वाळली की मळकट होते. मेणाचा अपवर्तनांक तर १.४४ च्या आसपास. तेथे हा आकडा ०.०४ टक्क्यावर येतो. मेणाने चरे जात नाहीत, बुजतात. म्हणून आधी कोरड्या गाडीवर परीक्षा, मेण त्यानंतर.

आणि परीक्षा काळ्या भागावर घ्यावी. पिवळे छत स्वतःच इतका प्रकाश विखुरते की चऱ्याची भर त्यात दिसत नाही. काळा रंग आतून जवळजवळ काहीच परत पाठवत नाही. तेथे चऱ्यातून सुटलेला थोडासा प्रकाशही राखाडी धुक्यासारखा उठून दिसतो. तेव्हा वेळ कमी असेल तर छत लवकर आटोपून उरलेला सगळा वेळ टॅक्सीच्या काळ्या दारांना द्या.