हॅश मॅपमधील रिक्त आणि अनेकमूल्यी नोंदी : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकीय आज्ञावलींत माहिती साठविणे आणि ती शोधणे या क्रिया सातत्याने घडत असतात. त्या जलद व्हाव्यात म्हणून वापरल्या जाणाऱ्या रचनांमध्ये हॅश मॅपचे स्थान महत्त्वाचे आहे. तिच्या मुळाशी असलेली हॅशिंगची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात मांडली होती. या रचनेत प्रत्येक नोंदीला एक किल्ली व एक मूल्य असते. किल्लीवरून एक संख्या काढली जाते आणि तिच्या आधारे नोंदीचा कप्पा ठरतो. परिणामी सर्व नोंदी न चाळता इष्ट नोंदीपर्यंत पोहोचता येते. तथापि, किल्लीला मूल्यच नसेल किंवा एकाहून अधिक मूल्ये असतील, तर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात जावा भाषेच्या संदर्भात केला आहे.

रिक्त मूल्याचा प्रश्न :

परीक्षेच्या गुणनोंदीचे उदाहरण घेता येईल. आसन क्रमांक ही किल्ली आणि गुण हे मूल्य मानल्यास चार भिन्न स्थिती संभवतात : विद्यार्थ्यास शून्य गुण मिळाले, तो गैरहजर होता, गुण अद्याप प्राप्त झालेले नाहीत, आणि तो आसन क्रमांकच अस्तित्वात नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या चारही स्थितींचे परिणाम वेगळे आहेत; म्हणून आज्ञावलीनेही त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

जावाच्या १९९८ मधील १.२ या आवृत्तीत आलेल्या ‘हॅशमॅप’मध्ये नल, म्हणजे रिक्त, मूल्ये कितीही ठेवता येतात, नल किल्ली मात्र एकच असू शकते. ‘गेट’ या क्रियेने नल हे उत्तर दिल्यास त्याचे दोन अर्थ होतात : किल्ली नाही, किंवा किल्ली आहे पण तिचे मूल्य रिक्त आहे. हा संदेह ‘कंटेन्सकी’ या स्वतंत्र तपासणीने दूर होतो.

२०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत आलेल्या दोन क्रिया या बाबतीत परस्परविरोधी वागतात. ‘गेटऑरडिफॉल्ट’ ही क्रिया रिक्त मूल्याच्या किल्लीस अस्तित्वात असलेली मानते व नलच परत करते. ‘कम्प्यूटइफॲब्सेंट’ मात्र तीच किल्ली मूल्यहीन समजून तेथे नवे मूल्य भरते. पहिल्या क्रियेत पर्यायी मूल्य म्हणून ० दिल्यास चुकीचा आसन क्रमांकही शून्य गुणांचा धनी ठरतो, आणि त्रुटीची कोणतीही सूचना मिळत नाही.

अनेक धाग्यांनी एकाच वेळी वापरावयाच्या ‘कॉन्करंटहॅशमॅप’मध्ये नल पूर्णपणे निषिद्ध आहे. त्याचे कारण मननीय आहे. ‘गेट’ व ‘कंटेन्सकी’ या दोन क्रियांच्या दरम्यान दुसरा धागा नोंद बदलू शकतो. त्यामुळे वरील संदेह दूर करण्याचा मार्गच तेथे विश्वसनीय राहत नाही.

अनेक मूल्यांचा प्रश्न :

एका किल्लीस एकच मूल्य हा हॅश मॅपचा नियम आहे. त्याच किल्लीसाठी ‘पुट’ पुन्हा वापरल्यास जुने मूल्य पुसले जाते. ही क्रिया जुने मूल्य परत करते खरी. परंतु ते तपासले नाही, तर एका विषयाचे गुण दुसऱ्या विषयाच्या गुणांखाली नकळत लोप पावतात. यावर पुढील उपाय आहेत :

१) मूल्याच्या जागी यादी ठेवणे. क्रम किंवा पुनरावृत्ती महत्त्वाची असताना हा उपाय योग्य ठरतो.
२) मूल्याच्या जागी संच ठेवणे. येथे पुनरावृत्ती आपोआप टळते.
३) आसन क्रमांक व विषय मिळून संयुक्त किल्ली करणे. त्यासाठी समानतेची कसोटी व हॅश संख्या दोन्ही घटकांवरून ठरवावी लागतात. मात्र एका विद्यार्थ्याचे सर्व विषय एकत्र मिळविणे यात कठीण होते.

यादी वापरताना तिचा आरंभ ‘कम्प्यूटइफॲब्सेंट’ने करणे सोयीचे असते. यादीतील शेवटचे मूल्य काढल्यानंतर मात्र किल्ली रिकाम्या यादीसह शिल्लक राहते आणि रिक्ततेचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहतो. गूगलच्या ‘गुआवा’ संग्रहातील ‘मल्टीमॅप’ अशी किल्लीच काढून टाकतो आणि अनुपस्थित किल्लीसाठी नलऐवजी रिकामा संग्रह देतो. ही सोय आहे, तशीच मर्यादाही. कारण ‘नोंदणी आहे पण गुण नाहीत’ ही स्थिती त्यात व्यक्त करता येत नाही.

समारोप :

रिक्त मूल्य आणि अनेक मूल्ये हे दोन प्रश्न वरकरणी भिन्न दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे : अभावाचा अर्थ आधी निश्चित झालेला नसतो. गैरहजेरी, प्रतीक्षा व शून्य यांसाठी स्वतंत्र, नामनिर्देशित मूल्ये योजावीत आणि किल्लीचा अभाव केवळ ‘नोंदच नाही’ या अर्थासाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्यांना ही रचना शिकविताना वेगाबरोबरच या अर्थभेदावरही भर दिला जाणे आवश्यक आहे; कारण उत्तर कितीही त्वरेने मिळाले, तरी त्याचा अर्थ संदिग्ध असेल तर ते निरुपयोगी ठरते.