शिट्टीपासून तराजूपर्यंत

रविवारी सकाळी सातच्या सुमारास मध्य इंग्लंडमधल्या एखाद्या कालव्याच्या पुलाशी वीसेक गाड्या लागलेल्या दिसल्या, आणि डिक्या उघडून माणसं ढकलगाडीवर बादल्या, बसायची पेटी आणि पुरुषभर लांबीच्या पिशव्या रचताना दिसली, की ओळखावं, आज क्लबची मॅच आहे. गळाने मासे धरण्याची मॅच. पाच तास गळ टाकायचा, सापडेल तो मासा पाण्यात सोडलेल्या लांबलचक जाळीत जिवंत ठेवायचा, शेवटी प्रत्येकाच्या माशांचं वजन करायचं आणि सगळे मासे परत कालव्यात सोडून द्यायचे. मालवणच्या माझ्या मामेभावाला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "मगे गरवतास कित्याक?" त्याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण ही मॅच नावाची व्यवस्था आहे फार विचारपूर्वक रचलेली.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची उघडउघड जातवारी आहे. सामन आणि ट्राउट वरच्या पंगतीतले. त्यांच्या नामांकित नद्यांवर गळ टाकण्याचे दर ऐकूनच माणूस मागे फिरतो. उरलेले सगळे 'कोर्स' मासे: रोच, ब्रीम, पर्च, चब, डेस, टेंच, बार्बेल, कार्प आणि बोटभर लांबीचा गजन. यातले बहुतेक आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातले. बार्बेल तर आपल्या महसीरचा लांबचा भाऊबंद. काटे फार आणि चव मातकट, म्हणून तिथल्या स्वयंपाकघरात त्यांना कोणी विचारत नाही. कामगारांच्या वाट्याला हेच मासे आले आणि त्यांनी त्यावर आपला खेळ उभा केला.

याचं मोठं केंद्र शेफील्ड. सुऱ्या-कात्र्या आणि पोलाद करणारं हे शहर. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तशी तिथले कारागीर सुट्टीच्या दिवशी खास गाड्यांनी लिंकनशायरच्या विदम नदीवर जाऊ लागले. क्लब म्हणजे बहुधा गल्लीतला पब. वर्गणी तिथेच, भांडणं तिथेच, बक्षीसवाटपही तिथेच. माशांच्या विणीच्या काळात गळ बंद असावा, हा आग्रह याच गळकऱ्यांचा. त्यांच्यासाठी संसदेत उभे राहिले शेफील्डचे खासदार ए. जे. मन्डेला (नेल्सन मंडेलांशी संबंध नाही, हे इटलीतून आलेल्या निर्वासिताचे चिरंजीव). १८७८ साली कायदा झाला. इंग्लंडच्या नद्यांवर कोर्स माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ टाकता येत नाही आणि १६ जूनला हंगाम उघडतो, तो तेव्हापासून. तळ्यांवरची सरसकट बंदी १९९५ मध्ये उठली, बहुतेक कालव्यांवरची २०००मध्ये. १८८० साली इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, तो कायदाही याच मन्डेलांचा. मुलांना शाळेत बसवणारा आणि माशांना तीन महिने सुट्टी देणारा माणूस एकच.

१९०३ साली क्लबांचा राष्ट्रीय महासंघ झाला आणि १९०६ साली टेम्स नदीवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा. तो महासंघ २००९मध्ये इतर संस्थांबरोबर अँगलिंग ट्रस्टमध्ये विलीन झाला. पण वरच्या मजल्यावर काय चालतं याचा खालच्या क्लबांवर फारसा परिणाम होत नाही. मी ज्या क्लबात जातो तो एका कोळसा खाणीच्या कामगार कल्याण केंद्राची शाखा म्हणून सुरू झाला होता. खाण कधीच बंद झाली, तिच्या जागी आता गोदामं आहेत. क्लबाच्या नावात मात्र खाण अजून चालू आहे.

मॅचचं पहिलं काम सोडत. काठावर ठरावीक अंतराने क्रमांकाच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांना पेग म्हणतात. सेक्रेटरी कापडी पिशवी पुढे करतो, प्रत्येक जण हात घालून एक क्रमांक काढतो, आणि पाच तासांचं नशीब तिथेच निम्मं ठरतं. कारण मासे काठाने सारखे पसरलेले नसतात. वळणाखाली, झुकलेल्या झाडाखाली, नांगरून ठेवलेल्या होडीच्या सावलीत ते जमतात. शेवटचा पेग मिळाला तर एका बाजूला स्पर्धकच नाही, तिकडचे सगळे मासे आपले. चांगला क्रमांक आला की चेहरा सरळ ठेवायचा आणि वाईट आला की मोठ्याने सुस्कारा सोडायचा, असा अलिखित नियम असावा.

नशिबाचा हा वाटा फार होऊ नये म्हणून सेक्शन असतात. काठ पाच-सात पेगांच्या तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक तुकड्यातल्या पहिल्यालाही बक्षीस द्यायचं. म्हणजे ज्याला नापीक पट्टा मिळाला त्याची लढत त्याच पट्ट्यातल्या शेजाऱ्यांशी. सांघिक सामन्यांत हे आणखी कडक. जागतिक स्पर्धेत संघाचे पाच जण पाच वेगवेगळ्या सेक्शनमध्ये बसतात. सेक्शनमध्ये पहिला आला तर एक गुण, दुसरा आला तर दोन, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. तिथे एकाने डोंगराएवढे मासे धरून चालत नाही, पाचव्याने रिकाम्या हाताने उठू नये हे जास्त महत्त्वाचं. हा हिशेब ज्याने पहिल्यांदा बसवला तो माणूस शहाणा.

आता कालव्याचं पाणी बघू. इंग्लंडचे जुने कालवे अरुंद, तळ ताटलीसारखा नसतो. मधोमध होड्यांच्या ये-जा करण्याने खोल झालेली वाट, दोन्ही काठांना उथळ कड. या कडेवरून वाटेकडे तळ जिथे उतरतो त्या रेषेवर मासे चरतात. म्हणून शिट्टीच्या आधीचा तास खोली मोजण्यात जातो. गळाला छोटा लंबक अडकवून जागोजागी सोडायचा, दोऱ्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचं टोक पाण्याबाहेर किती राहतं ते पाहायचं आणि दांड्यावर, म्हणजे पोलवर, पांढऱ्या पेनाने खूण करायची. बोटभर फरकाने मासा लागतो किंवा लागत नाही.

पोल म्हणजे रीळ नसलेला कार्बनचा दांडा, एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा, सोळा मीटरपर्यंत लांब. दोरा टोकाला बांधलेला, दांड्यापेक्षा खूप आखूड. त्यामुळे पलीकडच्या काठाच्या झुडपाखाली, हवं त्याच वितीत फ्लोट ठेवता येतो. मासा लागला की दांडा मागच्या रुळावरून सरकवत आणायचा, वरच्या दोन-तीन नळ्या सोडवायच्या आणि मासा हाताशी. थंडीत दोरा केसासारखा, सुमारे ०.०८ मिलिमीटरचा. तो तुटू नये म्हणून पोलच्या टोकाच्या नळ्यांतून रबरी इलॅस्टिक ओवलेलं असतं. माशाचा हिसका ते खातं. पोलची एकच भीती, कार्बन वीजवाहक आहे. वीजतारांपासून तीस मीटरच्या आत पेग नको असा दंडक आहे तो याचसाठी.

आमिषाची तऱ्हा स्वतंत्र. माश्यांच्या अळ्या दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात, पांढऱ्या किंवा लाल रंगवलेल्या. कित्येक घरांत गॅरेजमध्ये अळ्यांसाठी वेगळा जुना फ्रिज असतो. तो स्वयंपाकघरातून तिथे कसा गेला हे विचारू नये. अळीचा कोष झाला की तो कॅस्टर. कोवळा फिक्या रंगाचा कोष बुडतो, काळपट झालेला तरंगतो, म्हणून बुडणारे निवडून हवाबंद ठेवायचे. मोठा रोच अळी सोडून कॅस्टर उचलतो, हे लँकेशायरच्या बेनी ॲशहर्स्ट यांनी दाखवून दिलं. त्यांचे चिरंजीव केव्हिन १९८२मध्ये जगज्जेते झाले.

हिवाळी कालव्यावर मात्र साधा पांढरा पाव सगळ्यांना भारी. काप लाटून चपटा करायचा आणि बारीक पितळी पंचाने त्यातून चार मिलिमीटरची टिकली उचलायची. टिकली बावीस नंबरच्या गळावर बसते (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान), आणि पाण्यात गेली की फुगून मऊ होते. खाद्य म्हणून त्याच पावाचा मिक्सरमधून काढलेला चुरा. तो किंचित ओला करून वळला की बेसनाच्या लाडवासारखा हातात टिकला पाहिजे आणि तळाशी पोचेपर्यंत ढगासारखा विरघळला पाहिजे. किती द्यायचं हेच सगळं शास्त्र. कमी दिलं तर मासे शेजाऱ्याकडे जातात, जास्त दिलं तर पोट भरून स्वस्थ बसतात. आणि एकदा टाकलेलं परत काढता येत नाही.

शिट्टी वाजते. पहिल्या तासात रोच भराभर येतात, बोटभर, चार बोटं. मग एखादी लांबट होडी संथपणे मधून जाते, सगळे दांडे उचलले जातात, गाळ ढवळतो, आणि वीस मिनिटं काहीच नाही. अशा वेळी कोणी पलीकडच्या काठाशी चिरलेल्या गांडुळांवर पर्च शोधतं, कोणी तिथेच तग धरतं. मागून फिरत येणारा विचारतो, काय म्हणतंय? उत्तर ठरलेलं: "काही नाही रे, दोन-चार बारीक." ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही कला क्लबात सगळ्यांनाच येते. दोन-चार बारीक म्हणणाऱ्याची जाळी तराजूवर चढली की काटा नऊ पौंडांवर जातो, आणि आजूबाजूचे चारचौघांत न सांगण्यासारखे शब्द वापरतात.

पाच तासांनी पुन्हा शिट्टी. तराजूवाला आणि वजनं लिहून घेणारा पहिल्या पेगपासून चालत येतात आणि बाकीचे त्यांच्यामागे. जाळी उपसून मासे ओल्या पिशवीत, पिशवी काट्यावर, आकडा मोठ्याने, आणि मासे लगेच पाण्यात. वजन पौंड, औंस आणि ड्रॅममध्ये. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. मेट्रिक येऊन एवढी वर्षं झाली तरी हे माप कोणी सोडत नाही, आणि त्याला कारण आहे: जानेवारीच्या कालव्यावर दोघांमधला फरक खरंच दोन ड्रॅमचा असतो. अशा दिवशी एक गजनसुद्धा निकाल फिरवतो. ज्याची जाळी कोरडी तो "वजन नाही" म्हणतो, त्याच्या नावापुढे तसंच लिहिलं जातं, आणि त्यावर कोणी फार बोलत नाही. पुढच्या रविवारी ती पाळी कोणावरही येते. नंतर पब, चहा किंवा बिअर, आणि पाकिटं. पाकिटात पेट्रोलचे पैसे निघाले तरी माणूस खूश.

या छोट्या तराजूंवर तयार झालेली माणसं जगात गाजली. जागतिक स्पर्धा १९५७ पासून आहे. इंग्लंडच्या संघाला पहिलं सांघिक विजेतेपद १९८५मध्ये इटलीत मिळालं. बॉब नड यांनी वैयक्तिक जगज्जेतेपद चार वेळा जिंकलं, यॉर्कशायरच्या ॲलन स्कॉथॉर्न यांनी पाच वेळा, त्यात १९९६, ९७ आणि ९८ असं लागोपाठ. पोलचं तंत्र आधी फ्रान्स-इटलीकडे पुढारलेलं होतं. इंग्लिश लोकांनी ते मुकाट्याने शिकून घेतलं. एरवी युरोपाकडून काही शिकलो हे कबूल करायला हा समाज फार वेळ घेतो.

नियमही बदलत गेले. हंस शिशाचे मणी गिळून मरतात हे सिद्ध झाल्यावर १९८७मध्ये दोऱ्याला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. तेव्हा जुन्या गळकऱ्यांनी खूप आरडाओरडा केला म्हणतात. आज ते मणी कोणाला आठवतही नाहीत, आणि हंस आपले येऊन तुमचा पाव खातात.

मोठा बदल वेगळाच झाला. नव्वदीच्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतात तळी खणून त्यात कार्प सोडले. गाडी पेगजवळ येते, संडास आहे, न्याहारी मिळते, आणि उन्हाळ्यात शंभर पौंडही वजन होतं. जाळीत फार मासे कोंबू नयेत म्हणून दर जाळीला वजनाची मर्यादा घालावी लागते. मोठ्या पैशांच्या स्पर्धा आणि टीव्ही तिकडेच गेले. म्हाताऱ्या गुडघ्यांना तिथे सोय आहे हे मान्य. पण मला विचाराल तर त्या तळ्यांवर मासा लागणार की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त किती वेगाने ओढायचे एवढं राहतं. कालव्यावरच्या तीन पौंडांत जास्त अक्कल खर्ची पडते. शिवाय कालवा आणि नदी क्लबाने भाड्याने घेतलेली असते: झुडपं छाटणं, कचरा उचलणं, पाण्यात रसायन सोडलेलं दिसलं की तक्रार करणं हे क्लबच करतो. क्लब मेला की त्या पाण्याला कोणी वाली राहत नाही.

आणि क्लब मरताहेत. आमच्या मॅचला वीस जण असतात, त्यात साठीच्या खालचे मोजायला एक हात पुरतो. लेस्टर, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅममध्ये आता पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. कालवा त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. त्यांना माझी विनंती आहे. जवळचं आमिषाचं दुकान शोधा आणि कोणत्या क्लबात नवशिक्यांना शिकवतात ते विचारा. दुकानदाराला माहीत असतंच. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो; तेरा ते सोळा वयाच्या मुलांना तो फुकट आहे, पण काढावा लागतोच. महागडा पोल पहिल्या दिवशी घेऊ नका. चार मीटरचा साधा दांडा, एक फ्लोट आणि अर्धा पाइंट अळ्या पुरे. बंदीच्या तीन महिन्यांत नदीवर जायचं असेल तर १६ जूनपर्यंत थांबा, कालवा बहुतेक ठिकाणी तेव्हाही खुला असतो.