कॅरॅव्हान तळ : ग्रामीण भागातील नियोजन परवानगी व प्रवेशमार्ग (ब्रिटन)

माणसांच्या वास्तव्यासाठी बनविलेले किंवा त्यासाठी योग्य करून घेतलेले आणि वाहनामागे जोडून अथवा वाहनावर ठेवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येणारे घर म्हणजे कॅरॅव्हान. अशी एक किंवा अधिक घरे वास्तव्यासाठी जेथे उभी केली जातात, त्या जमिनीस कॅरॅव्हान तळ म्हणतात. ब्रिटनमध्ये सुटी घालविणारे प्रवासी, कायम वस्ती करणारी कुटुंबे आणि जिप्सी व इतर भटके लोक अशा तीन प्रकारच्या लोकांसाठी असे तळ असतात. तळ बहुधा खेड्यांच्या परिसरात, शेतजमिनीवर उभारले जातात. तेथवर पोहोचणारा रस्ता अरुंद, वळणांचा व दोन्ही बाजूंना उंच जिवंत कुंपणे असलेला असतो. त्यामुळे तळाला परवानगी द्यावी की नाही, या प्रश्नाचा निर्णय पुष्कळदा जमिनीपेक्षा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरच अवलंबून राहतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इंग्लंडमधील कायदा व कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे कायदे तपशिलात वेगळे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मोटारींची संख्या वाढू लागल्यावर मुख्य रस्त्यांच्या कडेने घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहू लागल्या. प्रत्येक घराचे फाटक थेट रस्त्यावर उघडत असल्याने अपघातांचे प्रमाण वाढण्याचा धोका निर्माण झाला. यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये रस्त्यालगतच्या रेषावत वस्तीला आळा घालणारा कायदा करण्यात आला आणि वर्गीकृत रस्त्यावर नवे फाटक उघडण्यास रस्ते प्राधिकरणाची संमती आवश्यक ठरली. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने (अंमल १ जुलै १९४८) याहून मूलगामी बदल केला (⇨ नगररचना). जमीन खाजगी मालकीचीच राहिली. पण तिचा विकास करण्याचा हक्क सार्वजनिक परवानगीच्या अधीन झाला. जमिनीवरील बांधकाम व अभियांत्रिकी कामे, तसेच जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदल, या दोहोंचा ‘विकास’ या संज्ञेत समावेश करण्यात आला.

कॅरॅव्हानांच्या बाबतीत मात्र हा कायदा अपुरा पडला. युद्धोत्तर घरटंचाईमुळे अनेक कुटुंबे कॅरॅव्हानांत राहू लागली होती. बांधकाम काहीच नसल्याने वापरात बदल कधी झाला, हे सिद्ध करणे कठीण होते. १९५९ मध्ये अपील न्यायालयापुढे आलेल्या गिल्डफर्ड ग्रामीण जिल्हा परिषद विरुद्ध पेनी या खटल्यात एका शेतातील कॅरॅव्हानांची संख्या ८ वरून २७ झाली होती. एवढ्या वाढीमुळे वापरात महत्त्वाचा बदल होत नाही, हा खालच्या न्यायाधीशांचा निष्कर्ष बदलण्यास न्यायालयाने नकार दिला. त्याच वर्षी सर आर्टन विल्सन यांचा कॅरॅव्हानांतील वास्तव्यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पाठोपाठ १९६० चा कॅरॅव्हान तळ व विकास नियंत्रण कायदा संमत झाला.

दुहेरी नियंत्रण : १९६० च्या कायद्याने तळ चालविण्यासाठी अनुज्ञप्ती आवश्यक केली. या ठिकाणी तळ असावा काय, हा प्रश्न नियोजन परवानगीचा. आणि तो कसा असावा, म्हणजे कॅरॅव्हानांमधील अंतर, पाणीपुरवठा, मलनिःसारण, आग विझविण्याची साधने इत्यादींची व्यवस्था काय असावी, हा प्रश्न अनुज्ञप्तीचा, अशी ही विभागणी आहे. जमिनीला तळाची नियोजन परवानगी असल्याखेरीज अनुज्ञप्ती देता येत नाही. काही वापरांना अनुज्ञप्तीतून सूट आहे : राहत्या घराच्या आवारात घराला पूरक म्हणून वापरली जाणारी कॅरॅव्हान, पाच एकर वा त्याहून मोठ्या जमिनीवर वर्षातून फार तर २८ दिवस व एका वेळी फार तर तीन कॅरॅव्हान, मान्यताप्राप्त संघटनांनी आपल्या सभासदांसाठी प्रमाणित केलेले पाच कॅरॅव्हानांपर्यंतचे सहलीचे तळ, आणि शेतीच्या हंगामी मजुरांची वसती. यांपैकी बहुतेक वापरांना नियोजन परवानगीही सर्वसाधारण आदेशान्वये मिळालेली असते.

प्रवेशमार्ग हा स्वतंत्र विकास : इंग्रजी कायद्यात सार्वजनिक रस्त्याला जोडणारा प्रवेशमार्ग आखणे वा तयार करणे यास अभियांत्रिकी काम मानले जाते. म्हणून शेताच्या कुंपणात नवे फाटक पाडून तेथे खडी पसरणे, हाही विकासच ठरतो व त्यास परवानगी लागते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. इंग्लंडमधील २०१५ च्या सर्वसाधारण अनुमत विकास आदेशानुसार रस्ता प्रमुख राष्ट्रीय रस्ता किंवा वर्गीकृत रस्ता नसेल आणि ज्या विकासासाठी प्रवेशमार्ग हवा तो विकास त्याच आदेशाने अनुमत असेल, तर निराळा अर्ज करावा लागत नाही. याचा अर्थ असा की, वर उल्लेखिलेल्या पाच कॅरॅव्हानांच्या प्रमाणित तळासाठी गावच्या अवर्गीकृत रस्त्यावर वाट उघडता येईल. पण वीस कॅरॅव्हानांच्या कायम तळासाठी तसे करता येणार नाही. तसेच तोच लहान तळ वर्गीकृत रस्त्यावर असल्यास तळाला सूट असूनही वाटेला परवानगी घ्यावी लागेल. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक शेतकरी अनवधानाने कायद्याचा भंग करतात.

शेतात पूर्वीपासून फाटक असले, तरी प्रश्न मिटतोच असे नाही. दिवसातून एकदोनदा ट्रॅक्टर जाण्यासाठी असलेली वाट कॅरॅव्हान ओढणाऱ्या मोटारींसाठी पुरेशी आहे काय, याचा विचार तळाच्या अर्जाबरोबरच केला जातो.

अर्जाची कार्यपद्धती : अर्ज स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेकडे करावयाचा असतो. नकाशावर लाल रेषेने दाखविलेल्या क्षेत्रात केवळ तळच नव्हे, तर सार्वजनिक रस्त्यापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी सर्व जमीन यावी लागते. त्यांतील काही भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्यास त्या मालकास सूचना देणे बंधनकारक आहे. प्राधिकरण रस्ते प्राधिकरणाचे मत मागविते. हे काम द्विस्तरीय प्रदेशांत परगणा परिषदेकडे असते. सामान्य अर्जावर आठ आठवड्यांत व मोठ्या विकासाच्या अर्जावर तेरा आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. परवानगी नाकारल्यास अर्जदारास सहा महिन्यांच्या आत मंत्र्यांकडे अपील करता येते. बहुतेक अपिले मंत्र्यांच्या वतीने नियोजन निरीक्षक जागेची पाहणी करून निकालात काढतात.

रस्तासुरक्षेच्या कसोट्या : यांतील प्रमुख कसोटी दृश्यतेची होय. फाटकातून बाहेर पडणाऱ्या चालकास दोन्ही बाजूंनी येणारी वाहने पुरेशा अंतरावरून दिसली पाहिजेत. त्यासाठी रस्त्याच्या कडेपासून सामान्यतः २.४ मी. आत असलेल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना दृश्यता-त्रिकोण आखतात व त्यातील कुंपणे, झाडे, मातीचे बांध हे अडथळे काढून टाकावे लागतात. त्रिकोणाची रस्त्यालगतची लांबी येणाऱ्या वाहनाच्या वेगावर ठरते. ताशी १०० किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे २८ मी. अंतर कापते. चालकाच्या प्रतिक्रियेस दोन सेकंद धरल्यास ब्रेक लागण्यापूर्वीच ते ५६ मी. पुढे गेलेले असते आणि त्यानंतर सावकाश थांबण्यास सुमारे १५७ मी. लागतात. म्हणून अशा रस्त्यांसाठी २१५ मी. हे प्रमाण मानले जाते. ताशी ३० मैल वेगाच्या वस्तीतील रस्त्यांसाठी २००७ च्या मार्गदर्शिकेत हे अंतर ४३ मी. दिले आहे. ग्रामीण रस्त्यावर कायद्याची वेगमर्यादा ताशी ६० मैल असली, तरी वळणांमुळे प्रत्यक्ष वेग पुष्कळच कमी असू शकतो. यास्तव अर्जदार वेगाची प्रत्यक्ष मोजणी करून घेतात व कमी अंतर पुरेसे असल्याचे दाखवितात.

मोटार व तिच्यामागील कॅरॅव्हान यांची एकत्रित लांबी मोठी असते आणि अशी जोडगाडी सावकाश वळते. त्यामुळे फाटक रस्त्यापासून इतके आत असावे लागते, की ते उघडेपर्यंत संपूर्ण गाडी रस्त्याबाहेर उभी राहू शकेल. फाटक आतल्या बाजूस उघडावे, तोंडाजवळचा भाग पक्का असावा म्हणजे खडी रस्त्यावर येणार नाही व पावसाचे पाणी रस्त्यावर वाहू नये, अशाही अटी असतात. दोन वाहने एकमेकांना ओलांडू शकत नसतील, तर ठराविक अंतरावर बगला देण्याची जागा मागितली जाते. कारण अरुंद रस्त्यावर कॅरॅव्हानसह मागे सरणे हे अनुभवी चालकासही अवघड असते.

दृश्यतेसाठी जिवंत कुंपण तोडावे लागल्यास निराळाच पेच उभा राहतो. जे कुंपण रस्त्याला धोकादायक करते, तेच ग्रामीण भूदृश्याचे व पक्ष्यांच्या निवाऱ्याचे साधन असते. तीस वर्षांहून जुनी महत्त्वाची कुंपणे १९९७ च्या नियमांनी संरक्षित आहेत. मंजूर विकासासाठी कुंपण काढावयाचे असल्यास नियमांतून सूट मिळते; तथापि ही हानी परवानगी देतानाच विचारात घेतली जाते. पुष्कळदा मागे नवे कुंपण लावण्याची अट घातली जाते.

राष्ट्रीय धोरणानुसार केवळ गैरसोय हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. रस्तासुरक्षेवर अस्वीकार्य परिणाम होत असेल किंवा रस्त्यांच्या जाळ्यावरील एकत्रित परिणाम गंभीर असतील, तरच रस्त्याच्या कारणावरून परवानगी नाकारावी, असे २०१८ च्या सुधारित धोरणात नमूद केले आहे.

अटी व त्यांच्या मर्यादा : अट नियोजनाच्या हेतूसाठी, मंजूर विकासाशी संबंधित व वाजवी असावी लागते. हॉल आणि कंपनी विरुद्ध शोरम-बाय-सी नागरी जिल्हा परिषद (१९६४) या खटल्यात अर्जदाराने स्वखर्चाने रस्ता बांधून तो जनतेस खुला करावा, ही अट अपील न्यायालयाने अवाजवी म्हणून रद्द ठरविली. कारण तिच्यामुळे भरपाई न देता जमीन सार्वजनिक वापरासाठी घेतल्यासारखे होत होते. उलट, हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९८४ मध्ये ग्रॅम्पियन प्रादेशिक परिषदेच्या प्रकरणात नकारात्मक अट वैध ठरविली. अमुक काम पूर्ण होईपर्यंत विकास सुरू करू नये, असे तिचे स्वरूप असते. तेव्हापासून ‘दृश्यता-त्रिकोण तयार झाल्याखेरीज तळावर कॅरॅव्हान आणू नये’ अशा स्वरूपाची अट सर्रास घातली जाते. सार्वजनिक रस्त्याच्या हद्दीतील कामासाठी, उदा., कडेची हिरवळ ओलांडण्यासाठी, १९८० च्या रस्ते कायद्याखाली रस्ते प्राधिकरणाची स्वतंत्र संमती वा करार आवश्यक असतो.

खाजगी हक्क : नियोजन परवानगीमुळे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळत नाही. तळ व रस्ता यांच्यामध्ये परक्या मालकीची अरुंद पट्टी असल्यास परवानगी हाती असूनही तळ चालू करता येत नाही. अशा पट्टीचे मूल्य किती, हा प्रश्न १९६१ मध्ये केंब्रिज येथील स्टोक्स प्रकरणात भूमी न्यायाधिकरणापुढे आला. विकासामुळे होणाऱ्या मूल्यवाढीचा एकतृतीयांश भाग पट्टीच्या मालकाकडे जाईल, असे त्यात धरण्यात आले. हे प्रमाण पुढील वाटाघाटींचा आधार बनले. वहिवाटीने मिळालेल्या वाटेवर वाहतूक किती वाढविता येते, याविषयी ब्रिटिश रेल्वे मंडळ विरुद्ध ग्लास (१९६४) हा निर्णय महत्त्वाचा आहे. रेल्वेमार्ग ओलांडून कॅरॅव्हानांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेविषयीच हा वाद होता. वापराचे स्वरूप तेच राहून केवळ कॅरॅव्हानांची संख्या वाढली, तर हक्काची मर्यादा ओलांडली जात नाही, असे अपील न्यायालयाने बहुमताने ठरविले. लॉर्ड डेनिंग यांचे मत विरुद्ध होते.

भटक्या लोकांचा प्रश्न : सहलीचा तळ नाकारल्यास मालकाचे उत्पन्न बुडते, भटक्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र नकारामुळे घरच जाते. १९६० च्या कायद्याने जिल्हा परिषदांना सार्वजनिक चराऊ जमिनींवर कॅरॅव्हानांना मनाई करण्याचा अधिकार दिला व भटक्यांचे अनेक जुने थांबे बंद झाले. एरिक लबक यांनी संसदेत आणलेल्या १९६८ च्या कायद्याने जिप्सींसाठी तळ पुरविण्याचे कर्तव्य स्थानिक परिषदांवर टाकले. ते १९९४ मध्ये रद्द करण्यात आले. परिणामी स्वतः जमीन विकत घेऊन परवानगी मागणे, हा मार्ग भटक्यांपुढे राहिला. परंतु त्यांना परवडणारी जमीन बहुधा आडबाजूची व अरुंद वाटेवरची असते.

बक्ली विरुद्ध युनायटेड किंग्डम या प्रकरणात हा पेच स्पष्ट दिसतो. केंब्रिजशर परगण्यात एका जिप्सी स्त्रीने स्वतःच्या जमिनीवर तीन कॅरॅव्हान ठेवण्यासाठी केलेला अर्ज १९९० मध्ये फेटाळण्यात आला. परिसरात जिप्सींसाठी पुरेशी सोय आहे व भूदृश्याचा मोकळेपणा बिघडेल, या कारणांबरोबरच तेथे जाणारी शेतवाट दोन वाहने सुरक्षितपणे ओलांडण्याइतकी रुंद नाही, हे तिसरे कारण देण्यात आले होते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी घराविषयीच्या हक्काचा भंग झाला नसल्याचा निर्णय दिला. चॅपमन प्रकरणात (२००१) निर्णय पुन्हा सरकारच्या बाजूने, पण दहा विरुद्ध सात अशा मतांनी लागला. तथापि जिप्सींची जीवनपद्धती सुकर करण्याचे काही कर्तव्य राज्यावर आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तेव्हापासून निरीक्षकांना रस्त्याच्या दोषाबरोबरच पर्यायी जागेची उपलब्धता, मुलांचे शिक्षण व कुटुंबाचे आरोग्य यांचाही तौलनिक विचार करावा लागतो. धोका किरकोळ असल्यास तो अटींनी दूर करता येतो. तो खरा असल्यास तळावरील मुलांनाही त्याच वाटेने चालावे लागते, हेही विसरून चालत नाही.

महाराष्ट्रातील कायद्याशी साम्य : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेची व्याख्या इंग्रजी व्याख्येच्या धर्तीवर आहे. बांधकाम व अभियांत्रिकी कामे यांबरोबर जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदल तीतही अंतर्भूत आहे. त्यामुळे शेतजमिनीवर कॅरॅव्हान तळ करावयाचा झाल्यास घरे चाकांवर आहेत, एवढ्यावरून तो कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही.