म्हातारपणीचं ताट आणि खुब्याचं हाड

ऑस्ट्रेलियातल्या 60 वृद्धनिवासांमध्ये दोन वर्षं एक साधा प्रयोग चालला. निम्म्या ठिकाणी रोजच्या खाण्यात दूध, दही आणि चीज वाढवलं. उरलेल्या ठिकाणी नेहमीचंच जेवण चालू ठेवलं. नवं औषध नाही, इंजेक्शन नाही. रहिवासी सात हजारांहून जास्त, सरासरी वय 86. मेलबर्न विद्यापीठातल्या सँड्रा युलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. दूधदुभतं वाढवलेल्या ठिकाणी हाडं मोडण्याचं प्रमाण 33 टक्क्यांनी कमी होतं, खुब्याचं हाड मोडण्याचं 46 टक्क्यांनी, आणि पडण्याचं 11 टक्क्यांनी. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही.

या वयात आता हाडांचं काय व्हायचंय, असं आपण धरूनच चालतो. पण हाड शेवटपर्यंत जिवंत असतं. त्यात दोन तऱ्हेच्या पेशींचं काम अखंड चालू असतं. एक जात जुनं हाड पोखरून बारीक खड्डा करते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसरी जात येऊन तो खड्डा भरते, आणि ते काम काही महिने चालतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये, आणि उतारवयात पुरुषांमध्येही, पोखरणं जास्त आणि भरणं कमी असा हिशेब होतो. खुब्याच्या आत जाळीसारखं हाड असतं. त्या जाळीचे धागे बारीक होतात, मधले काही तुटतात, आणि बाथरूममध्ये पाय घसरून कुशीवर पडणंही पुरेसं होतं. पुढे अंथरूण, न्युमोनिया, पाठीला जखमा. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो.

त्यात आहार कमी पडला की शरीर हाडाकडेच हात पसरतं. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली जाऊन चालत नाही. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. ते घसरू लागलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून घेतलं जातं. ऑस्ट्रेलियातले हे रहिवासी दिवसाला सुमारे 700 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 58 ग्रॅम प्रथिनं खात होते. प्रयोगात कॅल्शियम 1142 मिलिग्रॅमवर आणि प्रथिनं 69 ग्रॅमवर गेली. मला यातली प्रथिनांची वाढ फार महत्त्वाची वाटते. तोल गेला की माणसाला सावरतो तो मांडीचा स्नायू, आणि तो प्रथिनांवर पोसतो. पडण्यातला फरक तिसऱ्या महिन्यातच दिसला, हाडं मोडण्यातला पाचव्या.

मग कॅल्शियमची गोळी घेतली तर? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी बराच काळ लावून धरला आहे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांत तीन हजारांवर आज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा खुबा मोडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या 36 हजार स्त्रियांवरच्या चाचणीत तसा निर्विवाद फायदा दिसला नाही. मुतखडे मात्र वाढले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, जवळपास 26 हजार अमेरिकी लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व देऊनही हाडं मोडणं कमी झालं नाही. हे निकाल एकमेकांना खोटं पाडतात असं मला वाटत नाही. फ्रान्समधल्या आज्यांच्या शरीरात खरोखर उणीव होती, ‘व्हायटल’मधल्या बहुतेकांच्यात नव्हती. जिथे उणीव आहे तिथेच भर उपयोगी पडते.

आपल्याकडे ऊन भरपूर, तरी ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. तेव्हा अमेरिकेतला निकाल वाचून गोळ्या फेकून देणं चूक ठरेल. पण आठवड्याला घ्यायची 60 हजार युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने चालू ठेवणंही धोक्याचं आहे. ऑस्ट्रेलियातच सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तो निकाल 2010 चा.

आता आपल्या घरातलं ताट पाहा. वय झालं की खाणं हलकं हवं, म्हणून रात्री चहात बुडवलेली खारी किंवा मऊ भात आणि पातळ वरण. कवळी सैल झाली की भाकरी बंद, उसळ बंद. त्यात एकादशी आणि चतुर्थी. सगळं प्रेमानेच चाललेलं असतं, आणि माणूस हळूहळू उपाशी राहतो. प्रौढ माणसाला दिवसाला किमान 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर गाईच्या दुधातून साधारण 240 मिलिग्रॅम मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून द्यावं, वरण घट्ट ठेवावं, उसळ मऊ शिजवून ठेचून द्यावी, पाणीदार ताकाऐवजी वाटीभर दही वाढावं. कवळी नीट बसवून घेणं हाही हाडांचाच उपचार आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला हवं.

ज्यांचं हाड एकदा मोडलं आहे त्यांना नुसतं जेवण पुरत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध वर्षातून एकदा शिरेतून देतात. ते हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत ते सुरू केलेल्या रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूंचं 28 टक्क्यांनी कमी होतं. म्हणून आई-वडील खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आले की टाके कधी काढायचे हे विचारतानाच हाडांच्या औषधाचं काय, हेही विचारा. मणक्याचं किंवा मनगटाचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं असेल तरी हाच प्रश्न विचारायचा, आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यायची.