बालकांचा निद्राकालीन श्वास : घरची नोंद व रुग्णालयीन तपासणी

घोरणारे मूल गाढ झोपते, असा समज रूढ आहे. काही वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यातील पाच वर्षांचा बालक वजन वाढत नाही म्हणून आमच्याकडे आला. कफज प्रतिश्याय समजून आम्ही चार महिने औषधे दिली. अखेर मातेने पहाटेचे मोबाईलवरील चित्रण दाखविले. छाती आत ओढली जात होती, परंतु श्वास आत जात नव्हता. विलंब आमचाच होता.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात मुखरोगांत तुंडिकेरी व कंठशालूक वर्णिले असून कंठशालूक शस्त्रसाध्य म्हटला आहे. टॉन्सिल व अॅडिनॉइडची वृद्धी हेच बालकांतील निद्राकालीन श्वासावरोधाचे प्रमुख कारण होय.

घरची नोंद : तोंड उघडे ठेवून झोपणे, मान मागे टाकणे, अतिस्वेद, अंथरूण ओले करणे, दिवसा चिडचिड ही लक्षणे विचारावीत. अवरोध स्वप्ननिद्रेत अधिक होतो व ती उत्तररात्री जास्त असते. म्हणून चित्रण पहाटे करावे. बोटावरील ऑक्सिमीटर फक्त प्राणवायूची घट दाखवितो. आकडा चांगला असला तरी व्याधी नाही असे ठरत नाही.

रुग्णालयीन तपासणी : पॉलिसोम्नोग्राफीत मेंदूच्या लहरी, नासिकेतील वायुप्रवाह, छाती व उदराची हालचाल, प्राणवायू आणि हृदयगती यांची रात्रभर एकत्र नोंद होते. बालकांत ताशी एकाहून अधिक अवरोध असामान्य मानतात. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने 2017 साली बालकांतील निदानासाठी घरगुती यंत्रतपासणीची शिफारस केली नाही. घरची नोंद संशय निर्माण करते, निदान मात्र रुग्णालयातच होते.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात 5 ते 9 वर्षांची 464 बालके होती. सात महिन्यांनी शस्त्रकर्म झालेल्यांपैकी 79 टक्के, तर केवळ निरीक्षणाखालील 46 टक्के बालकांची तपासणी प्राकृत आली. तीव्र प्राणवायूघट असलेली बालके त्यात नव्हती. म्हणजे सौम्य रुग्ण आपोआपही सुधारतात. तेव्हा पुनर्तपासणीविना आपल्या औषधाला यश देणे उचित नाही.

औषधी विक्रेत्यांना विनंती की, घोरणाऱ्या बालकासाठी झोप आणणारे सिरप वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. ऑक्सिमीटर विकताना त्याची मर्यादाही सांगावी. वैद्यबंधूंनी संशयित बालकास सेवाग्राम येथील कस्तुरबा अथवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे रुग्णालयातील बालरोग व कर्णनासाकंठ विभागाकडे चित्रणासह पाठवावे. श्वास खुंटत असेल वा ओठ निळे पडत असतील, तर नोंदीत वेळ न दवडता तत्काळ पाठवावे.